चित्रकाराचा सातबारा

मामासाहेबांचे म्हणणे असे, की एखाद्या चित्रकाराने शहर सोडून खेड्यात जाऊन राहण्याचा बेत सांगितला म्हणजे त्याला तेथील प्रकाशाविषयी, निसर्गाविषयी किंवा एकांताविषयी काहीएक न विचारता, जेथे तो जाणार ती जमीन कोणाच्या नावावर आहे, एवढेच प्रथम विचारावे. उभी हयात महसूल खात्यात काढून मामलेदार म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाला हा प्रश्न सर्वांआधी सुचावा यात नवल नाही; पण त्यांच्या बहिणीचा मुलगा, जो मुंबईत चित्रे काढतो आणि पोट मात्र जाहिरातींच्या कामावर भरतो, त्याला या प्रश्नात कलेविषयीची तुच्छता दिसते. दोघांचा हा वाद कोणत्याही एका बैठकीत पुरा झालेला नाही. निरनिराळ्या वेळी ऐकलेली त्यांची बोलणी मी येथे एका सूत्रात ओवली आहेत, आणि मामासाहेबांच्या भाषणातील कायद्यांची कलमे, वाचकांवर दया म्हणून, जमतील तेवढी गाळली आहेत.

भाच्याची कैफियत प्रथम ऐकावी, हे न्यायाचे होईल.

"मामा, मुंबईचा कंटाळा आला म्हणून मी चाललेलो नाही," तो म्हणाला, "हे तुम्ही आधी ध्यानात घ्या. बोरिवलीच्या पुढे एका औद्योगिक गाळ्याचा अर्धा भाग मी चित्रशाळेसाठी भाड्याने घेतला आहे. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडे वाढते. ते देता यावे म्हणून जाहिरातीचे काम वाढवावे लागते. आणि ते काम वाढले म्हणजे त्या गाळ्याकडे फिरकायला सवड उरत नाही. चित्रे काढता यावीत म्हणून घेतलेल्या जागेपायीच चित्रे काढणे थांबावे, अशी ही अवस्था आहे. शिवाय त्या इमारतीच्या जिन्याला असे वळण आहे, की चार फुटांहून मोठा कॅनव्हास वर चढत नाही. म्हणून गेली कित्येक वर्षे माझ्या एकाही चित्राने चार फूट ओलांडलेले नाहीत. राजापूर तालुक्यात जांभ्या दगडाचे एक जुने घर आहे. लांबरुंद पडवी आहे, माजघर आहे, मागे फणस आणि विहीर आहे. येथे मी जे भाडे भरतो त्यात ते घर शाकारून, दुरुस्त करून, तेथे वर्षभर जेवूनखाऊनही काही शिल्लक राहील."

"घराचे नंतर पाहू," मामासाहेब म्हणाले. "ज्या मुंबईला तू बोल लावतोस तिच्यातच एके काळी वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या स्मरणार्थ चालविलेली संस्था होती. नाममात्र पैशांत तेथे चित्रकारांना खोल्या मिळत. हुसेन तेथे रंगवीत, गायतोंडे तेथे रंगवीत, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी तेथे होत आणि रविशंकरांनी आपले 'किन्नर' हे संगीतविद्यालय तेथेच काढले. गायतोंड्यांना एकांत हवा असे म्हणतात. पण तो त्यांना आधी समुद्राकाठच्या त्या गजबजलेल्या वास्तूतच सापडला ना?"

"सापडला, पण ती वास्तू आज कोठे आहे?"

"पाडली. तेथे बहुमजली इमारत उभी आहे."

"मग मी म्हणतो ते हेच!"

"तू म्हणतोस ते हे नव्हे. तू म्हणतोस, शहराने कलावंताला घालवले. मी म्हणतो, ती जागा कलावंतांच्या नावावर नव्हती. ज्याला जागा कोणाच्या तरी मेहेरबानीने मिळते त्याला ती मेहेरबानी संपताच उठावे लागते, आणि हा नियम वॉर्डन रोडला जितका लागू आहे तितकाच राजापूर तालुक्यालाही आहे."

येथे भाच्याने आपला हुकमी एक्का बाहेर काढला, आणि चित्रकलेचा इतिहास थोडाबहुत वाचलेल्या प्रत्येकाला तो कोणता असेल हे ठाऊक असते. पॅरिसपासून काही कोसांवर, फाँतेनब्लोच्या अरण्याच्या कडेला बार्बिझाँ नावाचे खेडे आहे. 1848 च्या क्रांतीची धूळ खाली बसली नव्हती आणि पॅरिसमध्ये पटकीची साथ चालू होती, अशा वेळी, 1849 च्या उन्हाळ्यात, झाँ फ्रांस्वा मिले हा चित्रकार बायकापोरांसह काही आठवड्यांसाठी म्हणून तेथे आला आणि 1875 साली मरेपर्यंत तेथेच राहिला. शेतात सांडलेली कणसे वेचणाऱ्या बायकांचे त्याचे जगप्रसिद्ध चित्र 1857 सालचे, म्हणजे त्या वास्तव्यातलेच. तेओदोर रूसो हा निसर्गचित्रकार तर त्याच्याही आधीपासून तेथे वस्ती करून होता. पत्र्याच्या नळीतून रंग मिळण्याची सोय नुकतीच झाली होती, आगगाडी पॅरिसहून त्या बाजूला येऊ लागली होती, आणि खेड्यातील खाणावळीत थोडक्या पैशांत दोन वेळचे जेवण मिळत होते. या तीन गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर युरोपच्या निसर्गचित्रणाचा ओघ कदाचित वेगळ्याच दिशेने गेला असता.

"मिलेला पॅरिस परवडत नव्हते," भाचा म्हणाला, "आणि खेड्यात त्याला त्याचा विषय सापडला. शहरातल्या चित्रशाळेत बसून त्या वेचणाऱ्या बायका त्याला कशा दिसल्या असत्या?"

"बार्बिझाँला येण्यापूर्वीच दिसल्या असत्या, कारण तो नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा होता, नांगर त्याने प्रथम धरला आणि कुंचला मागाहून. तुझे तसे नाही. आणि चित्रे तो विकत होता कोठे?"

"पॅरिसमध्ये."

"आणि घर कोणाचे होते?"

"भाड्याचे."

"बरे. त्याचे ते संध्याकाळच्या प्रार्थनेचे चित्र आहे, शेतात मान खाली घालून उभे असलेले नवराबायको; त्याचे त्याला काय मिळाले?"

"हजार फ्रँकांच्या आसपास."

"आणि त्याच्या पश्चात, 1889 च्या लिलावात, त्याच चित्राला साडेपाच लाखांहून अधिक फ्रँक आले, त्यांतला एक तरी त्याच्या बायकोला मिळाला का? असल्याच अन्यायांची चर्चा होत होत फ्रान्समध्ये 1920 साली पुनर्विक्रीच्या किमतीत चित्रकाराचा आणि त्याच्या वारसांचा हिस्सा ठेवणारा कायदा झाला. तेव्हा खेड्यात गेल्याने बाजार सुटत नाही; तो फक्त नजरेआड होतो, आणि नजरेआडचा बाजार अधिक लुबाडतो."

मामासाहेबांना बार्बिझाँची गोष्ट एरव्ही नापसंत नाही. तीतला एक भाग त्यांना मनापासून आवडतो, कारण त्यात एक सरकारी हुकूम आहे. सरकारी वनखात्याने फाँतेनब्लोची जुनी ओक झाडे तोडून तेथे पाइनच्या सरळ रांगा लावायला सुरुवात केली, तेव्हा रूसोने बादशहा तिसऱ्या नेपोलियनपर्यंत अर्ज नेला, आणि 1861 च्या हुकमाने त्या अरण्यातील हजाराहून अधिक हेक्टर क्षेत्र केवळ चित्रकारांच्या दृष्टीसाठी म्हणून तोडीतून वगळण्यात आले. "चित्रे काढून नव्हे, अर्ज लिहून झाडे वाचली," असे मामासाहेब म्हणतात. चित्रे काढली नसती तर अर्ज कोणी वाचला असता, हा भाच्याचा प्रश्नही रास्त आहे. पण त्या वादात शिरलो तर आपण मूळ विषयापासून दूर जाऊ.

मूळ विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण परदेशातले नाहीच. ते मद्रासजवळचे आहे, आणि विशेष असे, की मामा आणि भाचा दोघेही ते आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून हजर करतात.

मद्रासच्या सरकारी कलाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांना दरसाल एकच दृश्य पाहावे लागे. विद्यार्थी उत्तम तयार होत, पदविका घेऊन बाहेर पडत, आणि मग पोटासाठी कोणी चित्रकलाशिक्षक, कोणी नकाशे काढणारा, कोणी जाहिरातीचा कारागीर होऊन दोन-चार वर्षांत रंग विसरून जात. त्या काळी मद्रासमध्ये नव्या चित्रांना गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते. तेव्हा पणिक्करांनी आणि त्यांच्या शिष्यांनी कारागिरीच्या वस्तू तयार करून विकण्यासाठी एक संघ स्थापन केला. मेणाने नक्षी बांधून कापड रंगविण्याची बाटिक कला त्यांनी हाती घेतली, धातूच्या आणि मातीच्या वस्तू केल्या, त्यांची प्रदर्शने भरविली, आणि त्या विक्रीच्या पैशांतून 1966 साली शहराच्या दक्षिणेस, समुद्रकाठच्या इंजंबाक्कम गावी, सुमारे दहा एकर रेताड जमीन विकत घेतली. झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या उभ्या राहिल्या. या वसाहतीला त्यांनी चोलमंडल असे नाव दिले. पी. व्ही. जानकीराम यांनी तांब्याचे पत्रे ठोकून देवादिकांच्या मूर्ती घडविल्या, पणिक्करांचे चिरंजीव नंदगोपाल यांनी धातुशिल्पाला स्वतःची अशी एक शैली दिली, आणि के. रामानुजम नावाचा, जगाशी कधीच न जुळलेला एक तरुण तेथे राहून शाईच्या रेघांनी स्वप्नातली शहरे आणि पंख असलेली जनावरे काढीत असे. हा रामानुजम 1973 साली, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी गेला. शहर सोडले म्हणजे मनाची व्यथा सुटते अशी समजूत करून घेणाऱ्यांनी त्याची रेखाचित्रे एकदा पाहावीत, असे मला वाटते. पण चोलमंडल नसते तर ती रेखाचित्रेच झाली नसती, हेही तितकेच खरे आहे.

"पाहा," भाचा म्हणाला, "चोलमंडलच्या लोकांनी तुमच्या शहराला पाठ दाखविली म्हणून ते तगले. दिवसातला काही वेळ हस्तव्यवसाय आणि उरलेला वेळ आपले काम. कोणाचे उपकार नाहीत, कोणाची चाकरी नाही."

"तू हे उलटे वाचतोस. त्यांनी आधी बाटिक विकले, मग जमीन घेतली, आणि मग राहायला गेले. तू आधी राहायला जाणार, मग चित्रे विकणार, आणि जमिनीचा विचार तुझ्या मनात अजून उद्भवलेलाच नाही. आणि ते बाटिक विकत घेतले कोणी? इंजंबाक्कमच्या कोळ्यांनी नव्हे. मद्रासच्या आणि मुंबईच्या सुखवस्तू लोकांनी."

"विकले शहरात, मान्य, पण जगले आपल्या जमिनीवर."

"तेच मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे!" मामासाहेब म्हणाले. "आज त्या वसाहतीच्या दारावरून मद्रासहून निघालेला रुंद किनारी हमरस्ता जातो. दोन्ही अंगांना बंगले, उपाहारगृहे, करमणुकीची उद्याने. जी वाळू 1966 साली कोणी फुकट घेतली नसती तिचा आजचा भाव ऐकून माणसाने कानांवर हात ठेवावेत. ती मंडळी भाडेकरू असती तर त्या रस्त्याची मोजणी सुरू होताच त्यांना उठविले असते. नंदगोपाल 2017 साली गेले ते आपल्या जागेवर राहून गेले. 2009 मध्ये तेथे संग्रहालय उभे राहिले. हे सारे खरेदीखतामुळे."

"आणि जे सोडून गेले? अक्कितम नारायणन आणि विश्वनाथन वसाहत नुकती वसत असतानाच पॅरिसला गेले. वासुदेव पुढे बंगलोरला गेले."

"म्हणजे शहर सोडून खेड्यात आलेली माणसे खेडे सोडून त्याहून मोठ्या शहरात गेली. ही साक्ष तुझ्या विरुद्ध आहे. मी ती तुझ्याकडून मागितलीही नव्हती."

भाचा या ठिकाणी काही वेळ गप्प बसला. मग त्याने जे सांगितले ते मला या सगळ्या वादातले सर्वांत मोलाचे वाटते. तो म्हणाला, "त्यांना जाता आले, मामा, कारण मधल्या काळात त्यांना काम करायला मिळाले होते. मला खेडे कायमचे नको आहे. मला अशी चार-पाच वर्षे हवी आहेत, ज्यांत दिवस माझा असेल."

माझ्या मते वादाचा खरा गाभा येथे आहे, आणि 'निसर्गाच्या सान्निध्यात कला बहरते' असल्या वाक्यांनी तो आजवर झाकला गेला आहे. खेड्यातील चंद्रप्रकाश मुंबईतल्या चंद्रप्रकाशाहून निराळा असतो असा माझा अनुभव नाही. चित्रकार शहर सोडतो तो वेळ विकत घेण्यासाठी. जेथे भाडे कमी तेथे वेळ स्वस्त, इतका साधा हा हिशोब आहे. पण जो वेळ भाड्याने मिळतो त्याचा भाव ठरविणारा दुसराच कोणी असतो, आणि पुष्कळदा हा भाव चढतो तो त्या चित्रकाराच्या येण्यानेच. चार चित्रकार एखाद्या गावात राहिले, की त्यांना भेटायला येणारे येतात, येणाऱ्यांना गाव आवडते, त्यांतले एक-दोघे बंगला बांधतात, आणि पाचव्या चित्रकाराला त्या गावात पडवीसुद्धा परवडत नाही. अमेरिकेत टेक्सासच्या वाळवंटात मार्फा नावाचे एक लहानसे गाव आहे. डोनल्ड जड हा शिल्पकार न्यूयॉर्क सोडून 1970 नंतरच्या वर्षांत तेथे गेला, आणि पुढे तेथल्या बंद पडलेल्या लष्करी छावणीच्या इमारतींत त्याने आपल्या ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या मांडल्या. आज दोनेक हजार वस्तीच्या त्या गावात घरांचे भाव असे चढले आहेत, की तेथल्या जुन्या रहिवाशांनाच ते जड झाले आहेत. जडने मात्र गेल्यागेल्या इमारती विकत घेतल्या होत्या. मामासाहेबांना हा गृहस्थ भेटता तर त्यांचे चांगले जमले असते.

"विकत घ्यावी म्हणता," भाचा म्हणाला, "तर तीही तयारी आहे. घरालगत दहा गुंठ्यांची वरकस जमीन विकाऊ आहे."

"तुझ्या नावावर सातबारा आहे का?"

"नाही."

"बापाच्या?"

"तुम्हाला ठाऊक आहे, नाही."

"मग ती जमीन तुला सरळ घेता येणार नाही. आमच्या राज्यात 1948 च्या कुळकायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमान्वये बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि चित्रकला हा शेतीचा प्रकार आहे असे अजून कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याने मान्य केल्याचे माझ्या वाचनात नाही."

"म्हणजे कायदाच आम्हाला शहरात डांबून ठेवतो!"

"कायदा तुझ्यासाठी केलेला नाही. कसणाऱ्याच्या हातून जमीन पैसेवाल्याकडे जाऊ नये म्हणून केलेला आहे, आणि अलिबागच्या बाजूला काय झाले ते पाहिले तर तो पुरेसा कडक नव्हता असेच मी म्हणेन. गंजाडचे उदाहरण घे. तू नेहमी भास्कर कुलकर्ण्यांचे नाव घेतोस ना?"

भास्कर कुलकर्णी हे नाव आज जितके ठाऊक असायला हवे तितके नाही. जे. जे. मध्ये शिकलेला हा मराठी चित्रकार. बिहारमधील 1966-67 च्या दुष्काळात पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठविले, आणि तेथल्या बायका जी चित्रे भिंतींवर काढीत ती कागदावर काढून विकता येतील, म्हणजे दुष्काळात चूल पेटेल, हे त्यांनी त्या बायकांना पटवून दिले. पुढे ते डहाणू तालुक्यात वारल्यांच्या पाड्यांत गेले. लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, ज्यात मधोमध पालघट देवी असते, ती कला त्यांनी तेथे पाहिली. आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद दिला. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड दालनात मशे यांचे प्रदर्शन भरले, पुढे जगभर प्रदर्शने भरली, आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. मशे मात्र 2018 मध्ये मृत्यू येईपर्यंत गंजाडलाच राहिले.

"कुलकर्णी खेड्यात गेले," भाचा म्हणाला, "ते काही घेण्यासाठी नव्हे."

"बरोबर, आणि म्हणून त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्या आधीपासून तेथे चित्रकार होत्याच, हे विसरू नकोस. त्यांना कोणी चित्रकार म्हणत नव्हते एवढेच. त्या चौक लिहिणाऱ्या बायकांनी एकांताचा प्रश्न कधी काढला नाही. घर माणसांनी भरलेले असताना, लग्नाच्या गाण्यांत त्या लिहीत. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून जात नाही, ही तरतूद आहे म्हणून अशा गावांना थोडा तरी आधार आहे. नाहीतर तुझ्यासारख्या दहा रसिकांनी तेथे दहा चित्रशाळा बांधल्या असत्या आणि चौक लिहिणारी बाई त्या चित्रशाळांत केर काढताना दिसली असती."

हे बोलणे जरा कठोर झाले, असे मला वाटते. भाच्यालाही तसे वाटले असावे, पण तो चिडला नाही. त्याने फक्त राजापूरच्या घराविषयी पुन्हा बोलायला सुरुवात केली, आणि तेव्हा त्या घराचा पूर्ववृत्तांत प्रथमच उघड झाला. ते घर एका चाकरमान्यांच्या कुटुंबाचे. पणजोबा गिरणीत कामाला म्हणून बोटीने मुंबईला गेले. मुले लालबाग-परळला वाढली. नातवंडे आता विरार, डोंबिवली आणि पनवेल येथे पसरली आहेत. घर मधल्या काळात बंदच असते.

"ज्या घरात तू जाणार," मामासाहेब म्हणाले, "त्या घराची माणसे मुंबईला का गेली, याचा कधी विचार केलास?"

"तेथे त्यांना काम नव्हते म्हणून."

"आणि तू जातोस..."

"मुंबईत मला कामाशिवाय दुसरे काही नाही म्हणून."

मामासाहेब हसले, आणि माझ्या माहितीप्रमाणे या वादात त्यांनी भाच्याला प्रथमच एक गुण दिला. मग चष्मा लावून त्यांनी कागद मागितले. भाच्याजवळ ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा होता. तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे सांगून त्यांनी त्यावरील नावे वाचली. त्यांतले एक नाव मयत माणसाचे होते आणि त्याची वारसनोंद झालेली नव्हती. घर गावठाणात असल्यामुळे कुळकायद्याची अडचण येत नव्हती, ही जमेची बाजू. पण खरेदी करायची तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, आणि ते सारे एका वेळी एकाच ठिकाणी फक्त गणपतीत भेटतात.

"गणपतीत सगळे त्या घरीच येतात," भाचा जरा संकोचून म्हणाला. "मूर्ती माजघरात बसते. भाड्याने देताना त्यांची तेवढी एकच अट आहे. चतुर्थीच्या आधी माजघर मोकळे करून, सारवून द्यायचे, आणि विसर्जन होईपर्यंत पडवीत राहायचे."

"ही अट चांगली आहे," मामासाहेब म्हणाले. "घर जिवंत असल्याची खूण आहे. खरेदीची घाई आता नको. वारसनोंद होईपर्यंत तीन वर्षांचा भाडेपट्टा रीतसर नोंदवून घेऊ. अकरा महिन्यांचा नको. त्या अकरा महिन्यांनीच तुला मुंबईत खाल्ले. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याचे कलम घालू, आणि पुढे विक्री झालीच तर पहिला हक्क तुझा राहील, असेही."

त्यांनी कोऱ्या कागदावर मसुदा लिहायला घेतला. अक्षर अजूनही दप्तरातल्यासारखे वळणदार आहे. गणपतीच्या कलमापर्यंत आले आणि लेखणी थांबवून त्यांनी विचारले, "भाद्रपदात तुमच्या त्या तैलचित्रांचे रंग वाळलेले असतात का?"

"कोकणात? दिवाळीपर्यंतसुद्धा वाळणार नाहीत. काहींना बुरशीही येईल."

"मग मोठी चित्रे माजघरातून पडवीत कोणी आणायची, आणि पाच दिवसांत घरातल्या मुलांनी त्यांना हात लावला तर नुकसानी कोणाच्या माथी, हे आताच ठरविले पाहिजे."

"मुलांनी हात लावला तर लावू द्या," भाचा म्हणाला.

"तसे लिहिता येत नाही," मामासाहेब म्हणाले, आणि त्यांनी कलमाखाली उपकलम घातले.